ग्लासवरचा पुठ्ठा

अहो, आम्ही परत निघालोय. कायमचे.

हे वाक्य तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आताही तुम्ही नुसतं "हं" म्हणाला असाल आणि पेपरचं पान उलटलं असेल. पण या वेळी माझ्या भुणभुणीचा काही संबंध नाही. रोहनचा आणि माझा व्हिसा तुमच्या नावावर होता. तुम्ही गेलात, तेव्हा आमचं इथलं राहणंही संपलं. माणसं चांगली वागली, कुणी घाई केली नाही, पण जायचं हे नक्की. शारजातल्या रोल्लामधल्या या दोन खोल्यांत सगळीकडे खोकी पसरलीत आणि तुमचा मुलगा त्यांना चिकटपट्ट्या लावतोय. मधूनच एखादी वस्तू उचलून विचारतो, "आई, कीप ऑर थ्रो?" काल तुमच्या घरातल्या चपला हातात घेऊन उभा राहिला. काही विचारलंच नाही त्यानं. मीच म्हटलं, "ठेव रे."

इथल्या मराठी मंडळाची माणसं येऊन गेली. "वहिनी, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, साहेबांच्या कारकिर्दीवर," म्हणाली. मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. जन्म कुठला, शिक्षण किती, हमरिया फ्री झोनच्या कारखान्यात कधीपासून, हाताखाली माणसं किती. लिहिता लिहिता वाटलं, हे सगळं तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, मग हे चाललंय कुणासाठी? तो कागद टाकला. तुमच्याशीच बोलायचं आहे मला. आपले दोन वाद अर्धवट राहिलेत, आणि तुम्ही वाद अर्धवट टाकून उठणारा माणूस नव्हतात. उठायला तुम्हाला उशीरच व्हायचा.

पहिला वाद बिअरचा. हे वाचून मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघतील. बघू देत.

त्याआधी तुमच्या एका खोडीबद्दल बोलते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं आणि तिथंच येऊन थांबतं. काही चांगलं घडलं की ते शुक्रवारपर्यंत पोटात ठेवायचं, ही तुमची खोड. शुक्रवारी सुट्टी. उशिरा उठायचं, मी घावन घालायचे, तुम्ही दोन घावन चटणीशी संपवायचात आणि तिसरा पानात पडला की म्हणायचात, "अगं, एक सांगायचं राहिलं." गाडी घेतली ते मला घावन खाताना कळलं. गावाकडं देवरुखला आपल्या घराचा स्लॅब टाकून झाला तेही. जर्मनीचंही तसंच. "ऑफिसात कॉपी हवीय" म्हणून माझा पासपोर्ट नेलात आणि एका शुक्रवारी चटणीच्या वाटीशेजारी आणून ठेवलात. आत व्हिसा चिकटवलेला. मी तव्यावरचा घावन करपवला.

तुमच्या कारखान्यात पाण्याच्या बाटल्या भरायचं नवं मशीन येणार होतं. ते जर्मनीत तयार होऊन पडलं होतं आणि पेटीत बंद व्हायच्या आधी कुणीतरी जाऊन ते चालवून बघायचं होतं. अरबाबनं, म्हणजे तुमच्या मालकानं, तुम्हाला पाठवलं आणि तुम्ही मला बरोबर घेतलंत. रोहन तेव्हा लहान होता. त्याला खालच्या मजल्यावर हनीफभाईंकडे ठेवलं. तुमच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळणारे हनीफभाई मूळचे रत्नागिरीचे, आणि त्यांच्या बायकोच्या हातची माशाची आमटी खाऊन रोहन आपल्याला पार विसरून गेला होता.

तिकडचा रविवार मोकळा होता. मशीन कंपनीतल्या बाईंनी एका चिठ्ठीवर दोन गावांची नावं लिहून दिली, ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन. गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर, आणि दोन्ही गावांचं एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. एका गावात काळपट बिअर करतात, दुसऱ्यात पिवळी. मागच्या बाजूला भट्टी आणि पुढं लाकडी बाकं टाकून तिथल्या तिथं विकायची, अशी जुनी दुकानं दोन्हीकडे. बाई म्हणाल्या, जर्मनीत आलात आणि हे पाहिलं नाहीत तर काय पाहिलंत.

आपण शारजात राहणारी माणसं. आपल्या गावात बिअरचा थेंब विकत मिळत नाही. तुम्हाला कधी हुक्की आलीच तर अजमानला मित्राकडे जायचात आणि येताना मूठभर बडीशेप खाऊन यायचात, जणू मला कळणारच नाही. आणि मी तर आयुष्यात वासापलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी ड्युसेलडॉर्फच्या दुकानात शिरलो, तर माझ्या आईच्या वयाच्या बायका, गळ्यात मोत्यांच्या माळा घालून, देवळात भजनाला बसल्यासारख्या रांगेत बसून पीत होत्या. मी तुमच्या कोटाची बाही धरली. तुम्ही म्हणालात, "घाबरतेस काय, चहाच आहे असं समज."

काळपट बिअर मी एक घोट घेतली. लहानपणी ताप आला की आई काडेचिराईताचा काढा द्यायची, थेट तीच चव. तुम्ही मात्र डोळे मिटलेत. "वा," म्हणालात, "याला म्हणतात चव. कडू आहे, पण खोटं काही नाही." माझा उरलेला ग्लासही तुम्हीच संपवलात. मग शेजारच्या दुसऱ्या दुकानात शिरलो, तिथंही तेच झालं. तिथून पुढं मरेपर्यंत तुम्ही ड्युसेलडॉर्फच्या बाजूचे.

दुपारी कोलोनला उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर ते अवाढव्य चर्च. तुम्ही आत एक मेणबत्ती लावलीत. काय मागितलंत असं विचारलं तर म्हणालात, "मशीन नीट चालू दे." त्याक्षणी मला तुमचा राग आला होता. आता आठवलं की हसू येतं आणि मग लगेच दुसरंही काहीतरी येतं.

चर्चच्या मागच्या गल्लीत ते दुकान होतं. लांबलचक टेबलं, अनोळखी माणसांच्या शेजारी दाटीवाटीनं बसायचं. आपल्यासमोर एक म्हातारं जोडपं होतं. तुम्ही माझ्यासाठी पाणी मागितलंत, तर निळा डगला घातलेला तो वाढपी काहीतरी बोलला आणि आजूबाजूचे सगळे हसले. पाणी आलंच नाही. आले दोन ग्लास, बारीक, उंच, लहान मुलाला दूध द्यावं तेवढे. प्रत्येक ग्लासाखाली त्यानं एक गोल पुठ्ठा ठेवला आणि त्याच्या कडेला पेन्सिलीनं एक रेघ ओढून गेला. मी चव घेतली. हलकी, गार, जरा गोडसर. मला आवडली. हे मी आज पहिल्यांदाच स्पष्ट लिहितेय. आजवर सगळ्यांना, सासूबाईंना धरून, आम्ही तिकडे सफरचंदाचा रस प्यायलो असं सांगितलं होतं.

बटाट्याची थालीपीठं मागवली, त्यावर त्या लोकांनी सफरचंदाचा मुरांबा घातला होता. आपण खात होतो आणि पीत होतो. ग्लास रिकामा झाला की तो वाढपी न विचारता, न थांबता, नवा भरलेला ग्लास टेबलावर आपटून जायचा आणि पुठ्ठ्यावर रेघ ओढायचा.

"अगं बघ किती अगत्य," तुम्ही म्हणालात. "न मागता आणून देतायत."

"मला पुरे म्हणा त्याला."

"बरं दिसतं का ते? एवढ्या प्रेमानं आणून ठेवतोय बिचारा."

"मग अर्धा टाकते."

"टाकायचं? पानात टाकायचं?"

तिथंच तर आपण फसलो. पानात काही टाकायचं नाही, हे तुमच्याही घरचं वळण आणि माझ्याही. समोर वाढलेलं संपवायचं, मग उठायचं. आपण निमूट ग्लास संपवायचो, आणि ग्लास संपला की तो माणूस समजायचा, यांना आणखी हवी आहे. त्याच्या गावच्या रीतीनं तो वागत होता आणि आपल्या गावच्या रीतीनं आपण, आणि पुठ्ठ्याच्या कडेला रेघा वाढत चालल्या होत्या. शेवटी मी पंगतीत जिलबीवाल्याला अडवतात तसे दोन्ही हात ग्लासवर आडवे धरले. तो खदाखदा हसला आणि नवा ग्लास माझ्या कोपराशेजारी ठेवून गेला. माझे कान गरम झाले होते. तुम्हाला मात्र इतकं हसू फुटलं की तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मला त्या क्षणाचे तुम्ही फार आठवता. चष्म्याशिवाय, तोंड लाल झालेलं, कुठल्याही मशीनची काळजी नसलेले.

समोरची म्हातारी हे सगळं बघत होती. तिला आपली भाषा येत नव्हती, आपल्याला तिची. तिनं माझ्याकडे बघून बोट वर केलं, म्हणजे आता नीट बघ. मग स्वतःच्या नवऱ्याच्या ग्लासाखालचा पुठ्ठा काढला आणि त्याच्या ग्लासवर झाकणासारखा ठेवला. म्हातारा काहीतरी पुटपुटला. पण वाढपी आला, पुठ्ठा पाहिला, रेघा मोजल्या, पैसे घेतले आणि गेला. झालं. एवढंच होतं ते. म्हातारा मुकाट उठला, कोट चढवला, आणि दारात बायकोचा कोट दोन्ही हातांत उघडा धरून उभा राहिला. ती आपल्याला हात हलवून गेली.

मग तुम्ही आपल्या दोघांच्या ग्लासांवर पुठ्ठे ठेवलेत. चांगले दिमाखात ठेवलेत, पाहुणा म्हणून बोलावलेल्या पुढाऱ्यानं फीत कापावी तसे. माझा पुठ्ठा मी पर्समध्ये टाकला.

परतीच्या गाडीत माझं डोकं जड झालं होतं. तुमच्या खांद्यावर ठेवलं. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून ठेवलं. मी म्हटलं, "तो म्हातारा कसा पटकन उठला हो."

"बायकोनं झाकण लावलं, काय करणार."

"मी पण लावीन. तुमचा करार संपत आला की तुमच्या चहावर लावीन. मग चलायचं देवरुखला."

"लाव की," तुम्ही म्हणालात. "तू लाव, मी उठेन."

अहो, तुम्हाला बिअर चढली होती की नाही ते मला माहीत नाही. मला तो शब्द वाटला. मी तो शब्द धरून बसले.

दुसरा वाद तो हाच, परत जायचा. मग पुढची वर्षं. स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात तो पुठ्ठा असायचा. तुमचा करार नवा करायची वेळ आली की मी तुमच्यापुढं चहाचा ग्लास ठेवायचे आणि त्यावर पुठ्ठा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसलात. "अगं, अजून एकच," म्हणालात, पुठ्ठा उचललात, चहा प्यायलात आणि पुठ्ठा परत खणात टाकलात. त्या वर्षी जर्मन मशीन नुकतं बसलं होतं. पुढच्या वेळी तुमच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. त्याच्या पुढच्या वेळी रोहनची शाळा. मग कारखान्याची दुसरी लाईन. प्रत्येक कारण खरं होतं. म्हणूनच मला भांडता यायचं नाही. तुम्ही लोभी नव्हतात. तुम्हाला फक्त नको म्हणता यायचं नाही. कुणी आणून ठेवलं की तुम्ही ते संपवायचात, आणि तुम्ही संपवलंत की ते आणखी आणून ठेवायचे.

ईदला अरबाबच्या घरी जायचो, तिथं गहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरायचा. तो कान नसलेला इवलासा पेला रिकामा झाला की लगेच भरतात, आणि पुरे असेल तर पेला बोटांत धरून जरासा हलवायचा, ही इथली पद्धत. तुम्ही इतका झोकात हलवायचात की वाटावं, जन्म याच गावात गेला. मी एकदा गाडीत म्हटलं, "पेला हलवायला बरा जमतो तुम्हाला. करारावर काय हात दुखतात?" तुम्ही एसी वाढवलात. अजमान ओलांडेपर्यंत गाडीत फक्त एसीचा आवाज होता.

एकदाच तुम्ही खरं बोललात. रोहन शाळेत गेला होता, माझी ट्यूशनची मुलं यायची होती. मी म्हटलं, "मला देवरुखच्या शाळेत शिकवायचंय. बाई म्हणून दारात उभं राहायचंय. ते वय निघून चाललंय माझं. त्या घराची खिडकी मी पूर्वेला मागितली होती, तिच्यातून अजून एक सकाळ बघितली नाही." तुम्ही हातातला पेपर घडी करून ठेवलात. मग म्हणालात, "तिथं जाऊन मी काय करू गं? इथं मशीन बंद पडलं की चार माणसं मला हाक मारतात. तिथं कोण मारणार?"

"मी मारीन की."

तुम्ही हसलात. पण ते हसणं वेगळं होतं, हे मला तेव्हाही कळलं. तुम्हाला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत मला ते सुचलंच नव्हतं. मी समजत होते, तुम्हाला देवरुख नकोय. तुम्हाला रिकामं बसायची भीती होती.

तरीही या वेळी करार संपत आला तेव्हा मी खण उघडला. पुठ्ठा नव्हता. चमचे काढले, कागद उचलला, ओट्याखाली शोधलं. नव्हता. मला वाटलं, लपवलात. बुधवारी तुम्ही कामावरून आलात, पाय धुतलेत, आणि मी चहा आपटून ठेवला. म्हटलं, "पुठ्ठा लपवला म्हणजे विषय संपला असं नाही." तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. चहा प्यायलात. "साखर कमी आहे," म्हणालात. मी आणखी चिडले आणि तुमच्याशी जेवताना बोलले नाही. रोहन म्हणाला, "व्हाय इज बाबा स्मायलिंग?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार."

गुरुवारी दुपारी हनीफभाई दारात उभे राहिले आणि आत येईनात. त्यांनी एक शब्द बोलायच्या आधी मला कळलं. तुम्ही त्या जर्मन मशीनशेजारच्या खुर्चीवर बसलात, पाणी मागितलंत, आणि पाणी येईपर्यंत गेला होतात. तो शुक्रवार मी कागदांवर सह्या करत घालवला. देवरुखला तुम्हाला घेऊन गेलो, तेव्हा आम्ही दोघं वर सीटवर बसलो होतो आणि तुम्ही खाली सामानाच्या कप्प्यात. एअर होस्टेसनं मला विचारलं, कॉफी की चहा. मी कुणाला तरी चापट मारली असती त्या वेळी. रोहननं माझा हात धरून ठेवला आणि तिला म्हणाला, "नथिंग, थँक्यू." तुमच्यासारखाच आवाज झालाय त्याचा.

सगळं आटोपून आम्ही इथं परत आलो ते आवराआवर करायला. परवा हनीफभाई तुमच्या टेबलाचं सामान घेऊन आले. एसीत घालायचा तो भोकं पडलेला स्वेटर, बूट, गणपतीची तसबीर, चहाचा काचेचा ग्लास. आणि ग्लासात उभा घातलेला पुठ्ठा. कडेला पेन्सिलीच्या रेघा.

मी खाली बसले. हनीफभाई घाबरले. "भाभी, पाणी देऊ?"

"हा तुमच्याकडे कसा?"

"साहेबांच्या ग्लासवरच होता, भाभी. मंगळवारपासून." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला सांगितलं नव्हतं साहेबांनी? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मग त्यांनी सांगितलं. मंगळवारी अरबाबनं तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं होतं. हनीफभाई मालाच्या सह्या घ्यायला तिथंच उभे होते. ऑफिसबॉयनं चहा आणला. अरबाब म्हणाला, "खेडेकर, एक साल और. न्यू लाईन आ रहा है, तुम्हारे बिना कौन देखेगा?" हनीफभाई म्हणाले, आम्हाला वाटलं, साहेब नेहमीसारखे मान हलवणार. तुम्ही चहा संपवलात. खिशातून पुठ्ठा काढलात. रिकाम्या ग्लासवर ठेवलात आणि म्हणालात, "अरबाब, खलास."

"अरबाबला काही समजेना," हनीफभाई सांगत होते. "तो पुठ्ठा उचलून बघतोय, उलटा करून बघतोय. बोलतो, ये क्या है? साहेब बोलले, जर्मनीमें ऐसा करते हैं. इसको ग्लासपे रखा तो मतलब बस हो गया, अब घर जाना है. मेरी मिसेसको मैंने जबान दिया था. अरबाबनं विचारलं, कुठल्या हॉटेलचा आहे. साहेब माझ्याकडे बघून बोलले, चाय का हॉटेल था."

इथं हनीफभाई हसले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझंही तेच झालं. अरबाबला चहाचं हॉटेल आणि सासूबाईंना सफरचंदाचा रस. काय माणसं होतो हो आपण.

"अरबाबनं पुठ्ठा परत ग्लासवर ठेवला," हनीफभाई म्हणाले. "मग उठून साहेबांना मिठी मारली. बोलला, मॅडम खुश है? साहेब बोलले, अभी बोला नहीं उसको. फ्रायडेको बोलूंगा, नाश्तेके टाईम. अरबाब बोलला, इन्शाल्ला."

मंगळवारी हे झालं होतं. मंगळवारी रात्री तुम्ही घरी आलात, बातम्या पाहिल्यात, झोपलात. बुधवारी मी तुमच्याशी भांडले आणि तुम्ही हसलात. गुरुवारी सकाळी मी डबा दिला तोही न बोलता. तुम्ही दारातून म्हणालात, "उद्या घावन घाल हं." मी म्हटलं, "बघू." हेच माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं.

मी चिडलेय तुमच्यावर. हे कुठल्या स्मरणिकेत छापत नाहीत, पण मी भयंकर चिडलेय. दोन दिवस. दोन दिवस मला तो आनंद मिळाला असता. मी खोकी काढली असती, देवरुखला फोन केला असता, बुधवारी रात्री तुमच्या ताटात जास्तीची पोळी वाढली असती. तुम्ही ते सगळं घावनासाठी राखून ठेवलंत. जन्मभर नको म्हणता आलं नाही, आणि एकदा म्हणालात तर ते बायकोला सांगायला मुहूर्त बघत बसलात. सांगायला काय झालं होतं हो?

आणि तरी, तुम्हाला सांगते, परवापासून मला झोप लागते. त्याआधी लागत नव्हती. तुम्ही उठला होतात. कुणी न सांगता, मी न लावता, तुम्ही स्वतः झाकण लावलंत. ती रिकामं बसायची भीती बाजूला सारून लावलंत. माझ्यासाठी लावलंत हे हनीफभाईंच्या तोंडून ऐकलं, पण ऐकलं. तेवढ्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि हा शब्द मी तुमच्यासमोर कधीच वापरला नसता, तुम्ही आठवडाभर चिडवलं असतंत.

बिअरच्या वादात मात्र मी मागे हटणार नाही. पिवळीच चांगली होती. तुमच्या त्या काळ्या काढ्याची बाजू घ्यायला आता तुम्ही नाही, म्हणून हा वाद मी जिंकलाय असं काही समजत नाही. तो चालू राहील.

एक गोष्ट मात्र बोलायची राहिली होती. इतकी वर्षं मी पुरे पुरे म्हणत आले. कारखाना पुरे, वाळू पुरे, हा एसीचा आवाज पुरे. ते ऐकून तुम्हाला कधीतरी वाटलं असेल की हिला सगळ्याचाच कंटाळा आलाय. म्हणून सांगते. तुम्ही मला पुरे झाला नव्हतात. मला अजून हवे होतात. तो म्हातारा उठला, तेव्हा बायकोचा कोट धरून दारात थांबला होता. तुम्ही थांबला नाहीत.

गुरुवारी आम्ही निघतोय. शुक्रवारी सकाळी देवरुखच्या घरात असू. तांदळाचं पीठ हनीफभाईंच्या बायकोनं बांधून दिलंय, तवा मी हातातल्या पिशवीत घेतलाय. पूर्वेच्या खिडकीशी चूल पेटवीन आणि दोन घावन तुमच्या ताटात वाढीन. तिसराही वाढीन. मग सांगा, काय सांगायचं राहिलं होतं ते. मला काहीच माहीत नाही असं मी दाखवीन.